भद्र ते लोकसभा: दादासाहेब मावळंकरांच्या वाटेवरची साडेतीन तासांची पदभ्रमंती

भाचीच्या लग्नासाठी अहमदाबादेत चार दिवसांचा मुक्काम होता. हळद सोमवारी आणि लग्न मंगळवारी असल्यामुळे त्याआधीचा रविवार मोकळा होता. त्या शनिवारी रात्री मेहुण्यांनी फोनवर आलेली एक जाहिरात दाखवली. ‘वकील ते लोकसभाध्यक्ष’ या विषयावर मराठीतून पदभ्रमंती, सकाळी सात ते साडेदहा, माणशी सातशे रुपये, पुस्तिका आणि चहा धरून. मी देवरुखच्या न्यायालयात एकोणीस वर्षे दिवाणी दावे चालवणारा वकील आहे, आणि पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर यांचे घराणे मूळचे आमच्याच संगमेश्वर तालुक्यातील मावळंगे गावचे. त्यामुळे विचार करण्यासारखे फारसे काही नव्हते. मी रात्रीच नाव नोंदवून पैसे पाठवले. त्या सकाळचा हा अनुभव थोडा सविस्तर लिहीत आहे, कारण अशा उपक्रमांविषयी लिहिताना आपल्याकडे एकतर कौतुकाच्या दोन ओळी टाकतात किंवा चहा गार होता एवढीच तक्रार करतात, आणि काय सांगितले गेले व काय राहिले हे कोणी लिहीत नाही. आयोजकांचे नाव मुद्दाम देत नाही. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची सून मिळून हे काम चालवतात; पुढे मी काही चुका दाखवणार आहे, आणि इतक्या लहान उपक्रमाला त्या नावासकट चिकटवणे मला योग्य वाटत नाही.

प्रथम व्यवस्थेविषयी. सातला भद्र किल्ल्याच्या दरवाजासमोर जमायचे होते. प्रत्यक्षात निघायला पावणेआठ झाले, कारण आमच्यापैकी एक कुटुंब कालुपूर स्थानकावरून यायचे होते आणि गुरुजींना कोणाला मागे टाकणे जमत नाही. आम्ही एकूण अकराजण होतो. त्यांपैकी दोघे सत्तरीच्या पुढचे. त्यांच्यासाठी घडीच्या दोन खुर्च्या सून स्वतः हातात घेऊन फिरत होती, ही गोष्ट मला फार आवडली. कानात घालायची यंत्रे वगैरे काही नव्हते, गुरुजींचा आवाज मात्र वर्गात चाळीस वर्षे मुरलेला, त्यामुळे लाल दरवाज्याच्या बसगाड्यांच्या भोंग्यांतूनही शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्यांची मराठी अहमदाबादी वळणाची आहे. ‘चला’ऐवजी मधूनच ‘चालो’ येते आणि वाक्याच्या शेवटी ‘बरोबर ने?’ लागते. दोन पिढ्या तिथे वाढलेल्या मराठी माणसाची ती खरी भाषा आहे आणि मावळंकरांच्या घरातही काहीशी तशीच बोलली जात असेल, असे माझ्या मनात येऊन गेले.

भ्रमंतीची सुरुवात चांगली आहे. भद्रचा किल्ला १४११ चा, म्हणजे शहराच्या स्थापनेचा; त्याला लागून आझमखानाची सराई १६३७ ची; आणि त्या सराईच्याच एका भागात मराठ्यांच्या काळात आलेले भद्रकालीचे देऊळ. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांनी या शहराचा कारभार वाटून घेतला होता, आणि अहमदाबादेतील जुन्या दक्षिणी, म्हणजे मराठी, वस्तीची मुळे त्या काळापर्यंत जातात, हे गुरुजींनी पाच-सात वाक्यांत सांगितले आणि तिथे रेंगाळले नाहीत. समोर बाळकृष्ण दोशी यांनी रचलेले प्रेमाभाई सभागृह बंद अवस्थेत उभे आहे. दोशी जन्माने पुण्याचे, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितले, आणि आम्हीही दोनदा माना डोलावल्या.

मावळंकर या जुन्या दक्षिणी वस्तीतून वर आलेले नव्हते, हा मुद्दा इथेच स्पष्ट व्हायला हवा होता. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ चा, बडोद्याचा. सुरुवातीचे शिक्षण राजापूरला आणि मुंबई इलाख्यातील आणखी काही गावी झाले. अहमदाबादला ते आले १९०२ मध्ये, म्हणजे तेरा-चौदा वर्षांचे असताना, पुढच्या शिक्षणासाठी. गुजरात कॉलेजातून १९०८ साली विज्ञान विषयात पदवी, तिथेच वर्षभर दक्षिणा फेलो, मग मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमध्ये कायदा, १९१२ मध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली. गुरुजींनी हा भाग चालता चालता उरकला. मी मात्र एका गोष्टीवर अडलो. आज मी ज्या दिवाणी प्रक्रिया संहितेवर पोट भरतो ती १९०८ ची. मावळंकर लॉ स्कूलमध्ये गेले तेव्हा ती अगदी कोरी होती, आणि तिच्या कलमांवर वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे अजून पडायचे होते. ज्या पिढीने वकिलीची सुरुवातच एका नव्या प्रक्रिया-कायद्याचे अर्थ लावत केली, त्या पिढीतला माणूस पुढे एका नव्या संसदेचे कामकाजाचे नियम बसवायला बसला, हा धागा सगळ्या भ्रमंतीत कुठेही आला नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. ती पुढे सविस्तर मांडतो.

दुसरा थांबा गुजरात क्लब. हा क्लबही १८८८ चा, म्हणजे मावळंकरांच्याच वयाचा. आत जाण्याची परवानगी नसते, त्यामुळे फाटकाबाहेर उभे राहूनच सगळे ऐकावे लागते. तरीही हा थांबा या सकाळचा सर्वांत सरस भाग ठरला, आणि त्याचे श्रेय पूर्णपणे गुरुजींच्या सांगण्याला आहे. १९१३ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले वल्लभभाई पटेल इथे पत्ते खेळत बसायचे, ब्रिजमध्ये त्यांचा हात धरणारा शहरात कोणी नव्हता, आणि मावळंकर त्यांच्याजवळ बसून खेळ पाहायचे. १९१६ मध्ये गांधीजी क्लबात बोलायला आले तेव्हा मावळंकर उठून ऐकायला निघाले आणि वल्लभभाई जागचे हलले नाहीत. उलट गव्हातले खडे निवडता येतात का असे हा माणूस तुम्हाला विचारील आणि म्हणे त्यातून स्वराज्य मिळणार, अशी त्यांनी मावळंकरांची टर उडवली. गुरुजींनी हे सांगताना खिशातून पत्त्यांचा एक जुना जोड काढला, तेरा पाने हातात पंख्यासारखी धरली आणि मान न उचलता, पानांकडेच पाहत, वल्लभभाईंचे ते वाक्य गुजरातीत म्हटले. मग पाने मिटली, क्षणभर थांबले आणि क्लबाच्या फाटकाकडे बोट करून म्हणाले, “मावळंकर त्या दिवशी उठले, आणि दोन वर्षांनी ज्यांनी टर उडवली ते खेडा जिल्ह्याच्या शेतांत उभे होते. बरोबर ने?” आमच्यातले कालुपूरहून उशिरा आलेले काकासुद्धा एवढा वेळ फोन विसरले होते.

खेडा सत्याग्रहाविषयी गुरुजी बोलले, पण त्यातील वकिली बाजू त्यांनी सोडून दिली. तीच तर या विषयाच्या गाभ्याची होती. १९१८ चा खेडा जिल्ह्याचा प्रश्न मुळात आणेवारीचा, म्हणजे सोळा आण्यांच्या मानाने पीक किती आले याच्या अंदाजाचा होता. पीक चार आण्यांपेक्षा कमी आले तर सारा तहकूब व्हावा, असा सरकारचाच नियम होता. शेतकऱ्यांचे म्हणणे पीक त्याहून कमी आहे, आणि महसूल खात्याची आणेवारी त्याहून जास्त. आजही तलाठी-तहसीलदारांकडची आणेवारीची प्रकरणे ज्यांनी चालवली आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या लढ्याचे काम गुजरात सभा या राजकीय संस्थेमार्फत सुरू झाले आणि त्या सभेचे सचिव १९१६ पासून मावळंकर होते. अर्ज, निवेदने, गावोगावच्या नोंदी आणि अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार ही सचिवाच्या टेबलावरची कामे असतात. मोर्च्याचे छायाचित्र निघते तेव्हा तो सहसा चौकटीत नसतो. मावळंकरांची पुढची सगळी वाट या टेबलावरून गेलेली आहे. १९१३ मध्ये गुजरात एज्युकेशन सोसायटीचे मानद सचिव, १९१६ मध्ये गुजरात सभेचे सचिव, १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे सरचिटणीस, १९२१-२२ मध्ये गुजरात प्रांतिक काँग्रेसचे सचिव. गर्दीपुढे उभे राहून भाषणे करणाऱ्या वकिलांची त्या काळात वाण नव्हती. मिनिटबुक नीट ठेवणारा वकील मात्र मावळंकरांसारखा एखादाच.

त्यानंतर आम्ही न्यायालयाच्या आवाराबाहेर आलो. रविवार असल्यामुळे फाटक बंद. आत अर्थातच आता बहुमजली इमारत आहे आणि मावळंकरांच्या काळातील न्यायालयाची कल्पना तिच्यावरून येत नाही. पण फाटकाबाहेर, कडुनिंबाच्या खोडाला टंकलेखकांची चार टेबले साखळीने बांधून ठेवलेली होती. एकावर काच, काचेखाली पिवळी पडलेली दरांची यादी, आणि कडेला मुद्रांकाच्या शाईचा जुना निळा डाग. देवरुखला आमच्याकडेही असेच टेबल आहे, फक्त झाड आंब्याचे. मी गुरुजींना म्हणालो, “गुरुजी, हा थांबा कामाच्या दिवशी ठेवायला हवा.” ते म्हणाले, “वकीलसाहेब, कामाच्या दिवशी इथे उभे राहायला जागा मिळते होय?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही सकाळी अकराला कामकाजाचा बोर्ड लागतो, पुकारा होतो, पक्षकार वकिलांच्या मागे धावतात, तारीख पडते आणि रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या रोजच्या नोंदीत, दोन ओळी लिहिल्या जातात, हे एकदा पाहिल्याशिवाय चोवीस वर्षांच्या वकिलीने माणसाला काय शिकवले असेल हे बिगरवकील श्रोत्यांना कळणे अवघड आहे. महिन्यातून एकदा तरी कामाच्या दिवशी ही भ्रमंती ठेवता आली तर पाहावे.

टिळक बाग हा पुढचा थांबा, एलिस पुलाच्या अलीकडे. पूर्वी हिचे नाव व्हिक्टोरिया गार्डन. तिथे लोकमान्यांचा पुतळा बसवला तो वल्लभभाईंच्या नगरपालिकेने, आणि १९२९ मध्ये त्याचे अनावरण गांधीजींनी केले. मराठी पर्यटकांना इथे छायाचित्र काढायचे असते, तेवढा वेळ दिला जातो आणि दिला जावा. पण मावळंकरांच्या नगरपालिकेतील कामाविषयी इथे जे सांगायला हवे होते ते दाणापीठच्या महापालिका इमारतीसाठी राखून ठेवले होते, आणि तिथे पोचायला रिक्षा करावी लागली. रिक्षाचे पैसे सातशे रुपयांत धरलेले नाहीत, ही माहिती जाहिरातीत नव्हती. रक्कम किरकोळ होती, माणशी वीस-पंचवीस रुपये. पण आधी सांगितले असते तर बरे झाले असते. दाणापीठला पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते, ऊन चढले होते आणि १९१९ मध्ये नगरपालिकेवर निवड, १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये अध्यक्षपद, एवढे सांगून हा थांबा संपला. वकिलीकडून संसदेकडे जाणारा रस्ता त्या पिढीत बहुधा नगरपालिकेतूनच जात असे, पाणी, गटारे आणि शाळा यांच्या ठरावांतून. त्याविषयी आणखी दहा मिनिटे मिळायला हवी होती.

शेवटचा भाग गुरुजींच्या घराजवळच्या एका खोलीत, पडद्यावर चित्रे दाखवून होतो. विषय: विधानसभा आणि लोकसभा. जाहिरातीतील शीर्षकाचा अर्धा भाग, म्हणजे ‘लोकसभाध्यक्ष’, सगळाच्या सगळा या वीस मिनिटांत कोंबलेला आहे. त्या वीस मिनिटांतील बराच वेळ नेहरू, पटेल आणि मावळंकर यांच्या एकत्र छायाचित्रांवर गेला, आणि छायाचित्रे चांगली असली तरी एकामागून एक हारतुरे पाहून कोणाला काही कळत नाही. इथे मी थोडा कठोर होणार आहे, कारण साहित्य हाताशी असताना ते मांडले गेले नाही.

१९३७ मध्ये मावळंकर मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि तिचे अध्यक्ष झाले. ते पद १९४६ पर्यंत त्यांच्याकडे होते, आणि याच काळात ते तुरुंगातही जाऊन आले. सर्व मिळून त्यांची जवळजवळ सहा वर्षे तुरुंगात गेली. तिथे भेटलेल्या कैद्यांच्या हकिकतींवर त्यांनी गुजरातीत पुस्तक लिहिले, ही गोष्ट गुरुजींनी सांगितली आणि छान सांगितली. मग आली दिल्ली. २४ जानेवारी १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. समोर सर कावसजी जहांगीर, सरकारी बाकांच्या पाठिंब्यावर. मावळंकरांना ६६ मते पडली, जहांगीरांना ६३. तीन मतांचा हा निकाल पुस्तिकेत ‘एकमताने निवड’ असा छापला आहे. एकमताने निवड झाली असती तर गोष्टच उरली नसती. इंग्रज सरकार अजून सत्तेवर असताना सरकारचा उमेदवार तीन मतांनी पडला, यातच सगळे आले.

पुढचा प्रसंग कोणत्याही वकिलाला वाचताना खुर्चीच्या कडेवर आणील असा आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री स्वातंत्र्याच्या कायद्यानुसार ते मध्यवर्ती विधिमंडळच संपुष्टात आले आणि त्याबरोबर मावळंकरांचे पदही गेले. आता संविधान सभा हीच कायदे करणारी सभा. पण संविधान लिहिणे आणि रोजचे कायदे करणे ही दोन कामे एकाच सभेने एकाच वेळी कशी करायची, दोन्हींचे पीठासन एकच असावे की वेगळे, मंत्र्यांनी उत्तरे कुठे द्यायची, हा शुद्ध अधिकारक्षेत्राचा प्रश्न होता. त्यावर विचार करायला मावळंकरांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. दोन कामे वेगळी करावीत आणि कायदे करणाऱ्या सभेला स्वतंत्र अध्यक्ष असावा, असा मार्ग त्यातून निघाला आणि १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या पदावर मावळंकरांचीच निवड झाली. आमच्याकडे दाव्यात अधिकारक्षेत्राचा मुद्दा प्राथमिक मुद्दा म्हणून आधी काढतात. त्याचा निकाल लागल्याशिवाय बाकी दावा पुढे सरकत नाही. देशाच्या कायदेमंडळाचा असा प्राथमिक मुद्दा मांडून निकाली काढणारा माणूस अहमदाबादचा दिवाणी वकील होता. पडद्यावर यातले एक अक्षरही नव्हते.

पहिल्या लोकसभेत मावळंकर अहमदाबादहून खासदार म्हणून आले, आणि १५ मे १९५२ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मावळंकरांना ३९४ मते, प्रतिस्पर्ध्याला ५५. मराठी श्रोत्यांसमोर ही भ्रमंती होते, मग तो प्रतिस्पर्धी कोण होता हे सांगायला नको का? ते होते सोलापूरचे शेतकरी कामगार पक्षाचे खासदार शंकर शांताराम मोरे, तेही वकील, ज्यांनी पुढे संसदीय कार्यपद्धतीवरच इंग्रजीत पुस्तक लिहिले. म्हणजे पहिल्या लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी वकील समोरासमोर उभे होते. गुरुजींना हे ठाऊक नव्हते. सांगितल्यावर त्यांचा चेहरा जसा खुलला, तो पाहून माझा अर्धा राग तिथेच गेला.

पण खरी गंमत नियमांत आहे. मावळंकरांच्या काळात लोकसभेत ज्या समित्या उभ्या राहिल्या त्यांची नावे नुसती वाचली तर झोप येते. वकिलाच्या नजरेने पाहिली तर त्यांत न्यायालयाची ओळखीची वास्तू दिसते. १९५३ मध्ये सरकारी आश्वासनांची समिती आली. मंत्री सभागृहात उठतात, ‘माहिती गोळा करून सभागृहासमोर ठेवली जाईल’ असे म्हणतात आणि बसतात. पुढे ती माहिती कधी येते? न्यायालयात पक्षकाराने हमी दिली की ती रोजनाम्यावर येते आणि मोडली तर जाब द्यावा लागतो. ही समिती म्हणजे मंत्र्यांच्या हमीचा रोजनामा. त्याच वर्षी दुय्यम विधिविधानाची समिती आली. कायदा संसद करते, पण त्याखालचे नियम खाती करतात, आणि नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर गेला की नाही हे तपासणे हा तर वकिलांचा नित्याचा उद्योग. त्याआधी १९५० मध्ये सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी अंदाज समिती आलेली होती. प्रश्नोत्तराच्या तासाला शिस्त लागली, आणि मंत्र्याच्या उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच विषयावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येऊ लागली. ही अर्ध्या तासाची चर्चा मला नेहमी उलटतपासणीतील राहून गेलेल्या प्रश्नांसारखी वाटते.

त्यांचे सगळेच निर्णय मला पटतात असे नाही. तहकुबी सूचनांचे, म्हणजे चालू कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागण्याचे, दार त्यांनी बरेच अरुंद केले. सरकार आता परके नाही, विरोधकांना इतर मार्ग आहेत, अशी त्यामागची भूमिका. त्या काळात ती समजण्यासारखी होती, पण पुढच्या अध्यक्षांना ती फारच सोयीची पडली. पक्षाला सभागृहात मान्यता मिळायला एकूण सदस्यसंख्येच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे गणपूर्तीइतके (सभागृह चालायला किमान लागतात तितके) सदस्य हवेत, हा दंडकही त्यांच्याच काळातला. २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेला विरोधी पक्षनेता नव्हता, त्या वादात तोच आकडा पुन्हा पुढे आला. अशा गोष्टी सांगितल्या असत्या तर खोलीतील अकराजणांपैकी निम्म्यांनी तरी प्रश्न विचारले असते. छायाचित्रांवर कोणी काय विचारणार?

दुसऱ्या बाजूने, सरकारच्या मर्जीचा हा अध्यक्ष नव्हता, हेही सांगण्यासारखे होते. अध्यादेश काढून कायदे करण्याची पद्धत मुळातच लोकशाहीला धरून नाही आणि अत्यंत निकड असल्याशिवाय ती वापरू नये, असे त्यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये सरकारला लेखी कळवले. १९५१ मध्ये मुद्गल या काँग्रेसच्याच सदस्याने मुंबईच्या सराफ बाजारातील संस्थेकडून पैसे घेऊन संसदेत काम केल्याचा आरोप आला, तेव्हा सभागृहाची समिती बसली, अहवाल आला आणि शेवटी त्या सदस्याने राजीनामा दिला तरी सभागृहाने आपला ठराव केलाच. त्या वेळी पीठासनावर मावळंकर होते. आणि १८ डिसेंबर १९५४ रोजी खुद्द मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. ठराव फेटाळला गेला. पण त्या चर्चेच्या वेळी पीठासनावर उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार होते, कारण स्वतःविरुद्धच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होता येत नाही, हा कायद्याच्या पहिल्या वर्षातला धडा.

पुस्तिकेविषयी दोन शब्द. सोळा पाने, कागद चांगला, मुद्रितशोधन बरे. ‘एकमताने’ची चूक वर सांगितलीच. जन्मस्थान रत्नागिरी छापले आहे, ते बडोदा हवे. घराण्याचे मूळ गाव आणि जन्मगाव यांत फरक असतो. मृत्यूची तारीख, २७ फेब्रुवारी १९५६, अहमदाबाद, ही बरोबर आहे. त्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून गेल्या, आणि चिरंजीव पुरुषोत्तम १९७२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत गेले, या दोन ओळी शेवटच्या पानावर घालता येतील. शेवटचे अर्धे पान तसेही कोरे आहे.

माझा निर्णय असा. पहिल्या अडीच तासांसाठी ही भ्रमंती सातशे रुपयांना स्वस्त आहे, आणि गुजरात क्लबाच्या फाटकाबाहेरची ती दहा मिनिटे एकटीच त्या मोलाची आहेत. शेवटची वीस मिनिटे मात्र पाचपैकी दीडच्या वर जात नाहीत. वकील मंडळींनी जरूर जावे, जाताना ऊन लक्षात घेऊन टोपी न्यावी, रिक्षासाठी सुटे ठेवावेत आणि सातच्या वेळेवर फार विश्वास ठेवू नये. लहान मुलांना नेऊ नये. त्यांना किल्ला आवडतो आणि मग ती कंटाळतात. गुडघे दुखणाऱ्यांनी बिनधास्त जावे, खुर्च्या खरोखर वेळेवर मिळतात. स्वच्छतागृह फक्त शेवटच्या खोलीत आहे, ते आधी विचारून घ्यावे.

निघताना मी खिशात सापडलेल्या एका कोऱ्या वकालतनाम्याच्या पाठीमागे सगळ्या दुरुस्त्या लिहून दिल्या: बडोदा, ६६ आणि ६३, ३९४ आणि ५५, मोरे, सोलापूर. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, “ह्याच्या पुढच्या बाजूला सही नाही, चालेल ने?” सुनेने तो पत्त्यांच्या जोडाबरोबर त्यांच्या पिशवीत ठेवला.